जास्तीची कळी

ईशान्य चीनमधल्या युनशियाच्या गावात रक्तदाब नसलेलं घर शोधून सापडलं नसतं. हिवाळाभर रांजणातला खारवलेला कोबी खायचा आणि चक्कर आली की थंडीला शिव्या घालायच्या, ही तिथली रीत. तिचे वडील चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडले आणि गेले, तेव्हाही लोकांनी थंडीवरच खापर फोडलं. तेव्हापासून युनशियाने आईच्या सकाळच्या गोळीचा ध्यास घेतला होता. ती शेनयांग शहरात एका कारखान्यात मुकादम होती, तिथून तिचा रोज फोन यायचा. "घेतलीस?" "घेतली गं बाई, घेतली!"

सणाला ती घरी आली, पण नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आईने गोळ्यांची डबी कपाटात ढकलली.

"आज औषध घेतलं की वर्षभर दुखणं पाठ सोडत नाही. पाच दिवस जाऊ देत, मग बघू."

"अगं, बाबांचं काय झालं ते..."

"थू थू! आजच्या दिवशी तसलं काही तोंडातून काढू नकोस."

 शहरात कारखान्यातल्या बायका युनशियाला चळाचळा कापायच्या, पण आईपुढे तिचं काही चालत नसे. त्यात सणाच्या दिवशी भांडणही अशुभ. मग तिला एक युक्ती सुचली. दरवर्षी सकाळच्या ज्याओझींपैकी, म्हणजे कळ्या घालून मिटलेल्या उकडीच्या करंज्यांपैकी, एकीच्या सारणात नाणं लपवायचं, ते ज्याच्या दाताखाली येईल त्याचं वर्ष भाग्याचं. यंदा भरायला तीच बसली होती. तिने नाणं खिशात टाकलं आणि त्याच्या जागी गोळी दाबली. ओळखू यावी म्हणून काठाला एक कळी जास्त घातली, आणि वाढताना ती ज्याओझी बरोबर आईच्या वाटीत सोडली.

आईची नजर अधू झाली होती, पण ज्याओझी तिने जन्मभर वळल्या होत्या. जास्तीची कळी तिने तेव्हाच हेरली. गालातल्या गालात हसत तिने ती जेवायच्या काड्यांनी उचलली आणि लेकीच्या वाटीत ठेवली.

"आई, ती तुझी आहे!"

"मला म्हातारीला भाग्य घेऊन काय करायचंय? तू छत्तीस वर्षांची घोडी झालीस, यंदा तरी जावई दाखव. खा मुकाट्याने."

युनशियाने घास घेतला. तोंड कडू झालं. आई टक लावून बघत होती, इतकी आनंदात की युनशियाला खरं सांगवेना. तिने गोळी गिळली, खिशातलं नाणं मुठीत घेऊन ओठांशी नेलं आणि दाखवलं.

"मिळालं!"

आईने टाळ्या वाजवल्या. चार-पाच दिवसांनी काय होतंय, अशी युनशियाने मनाची समजूत घातली.

चौथ्या दिवशी कोबी काढायला वाकलेली आई रांजणाशीच कोसळली.

"गोळ्या चालू होत्या?" तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नव्हत्या. सण होता."

बाईंनी तेवढंच लिहून घेतलं. सणापायी गोळ्या सोडलेले आणखी दोघे पलीकडच्या खाटांवर होते.

आईचं उजवं अंग गेलं होतं, तोंड वाकडं झालं होतं. युनशियाला स्वतःची चीड आली. अशुभ तर अशुभ, तिने त्या सकाळी घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. खाटेला डोकं टेकून ती हमसून रडायला लागली. आईचा डावा हात चाचपडत तिच्या केसांवर आला.

"रडू नको," आई अडखळत म्हणाली. "नाणं... तुला मिळालंय ना?"

"हो आई," युनशिया म्हणाली. "मिळालंय."