मलाकीच्या गाडीची चटई

मलाकीचा सगळा जन्म बोटीच्या पोटात गेला. सलेलोलोगाच्या धक्क्यावरून पलीकडच्या बेटावर जाणारी जी मोठी फेरीबोट आहे, तिच्या इंजिनखोलीत तो कामाला होता. निवृत्त होऊन वर उजेडात आला तेव्हा त्याचे कान अर्धे गेलेले होते आणि जगात त्याला एकच शत्रू उरला होता, तो म्हणजे मीठ. मीठ लोखंड खातं, मीठ तारा खातं, मीठ शेवटी माणसाचं डोकंसुद्धा खातं, असं तो येईल त्याला सांगायचा. त्याची बायको फुआतिनो म्हणायची, "तिसरं मात्र मी रोज बघते."

ऑकलंडला असलेल्या मुलीनं, लुसियानं, आईबापांसाठी जपानहून एक वापरलेली विजेची गाडी पाठवली, तेव्हा सगळं गाव धक्क्यावर गेलं होतं. छोटी, पांढरी, पाच दारांची गाडी. मलाकीनं बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्यानं पुन्हा दाबलं, मग कान स्टिअरिंगला लावला.

"अगं, चालू झाली का?"

"मला काय विचारता? तुम्ही इंजिनवाले."

तेवढ्यात आतून एक बाई जपानीत गोड आवाजात काहीतरी बोलली.

"काय म्हणाली हो?"

"या, बसा म्हणाली असेल."

"मग तिला उत्तर द्या की. परक्या मुलखात आलीय बिचारी."

फुआतिनो बसायला वाकली आणि मलाकी ओरडला. तो नेहमीच ओरडून बोलायचा, पण हे ओरडणं वेगळं होतं. आतल्या बैठका दुधावरच्या सायीच्या रंगाच्या होत्या. आमच्या गावात लाल माती, खोबरेल तेल, मासळी आणि अळकुड्यांचा चीक सोडून दुसरं आहे काय? सायीच्या रंगाची वस्तू इथे दुसरा रविवार बघत नाही.

"आधी गाडीत लागतं ते सामान आणायचं," मलाकीनं जाहीर केलं. "मग माणसं."

त्या रविवारी नवराबायको नव्या गाडीच्या शेजारून चालत चर्चला गेली. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "गाडीला बरं नाही का?"

सामान आणायला दोघं फेरीनं पलीकडच्या बेटावर, राजधानीत आपियाला गेली. मलाकीच्या डोक्यात सगळं पक्कं होतं. पायाखाली उभ्या काठांच्या रबरी मॅट, म्हणजे ओल्या पायांचं खारं पाणी गाडीच्या तळाशी मुरणार नाही. डिकीत तसाच काठवाला ट्रे, मासळीसाठी. पुढच्या काचेला उन्हाचा पडदा, कारण गाडी तापली की गार करायला बॅटरीच खर्ची पडते. आणि बैठकांना धुता येतील अशी कव्हरं. शोभेची एकही वस्तू नाही.

दुकानातल्या पोरीनं त्याच्यापुढे आधी लोकरीची स्टिअरिंगची खोळ ठेवली.

"हे काय मेलेलं?"

"हाताला मऊ लागतं, काका. सगळे घेतात."

"या उन्हात? मेंढीसुद्धा अंगावरची काढून ठेवेल. मला धुता येईल असं काही दाखव."

"सगळंच धुता येतं, काका. मनात असलं म्हणजे."

पडदा मिळाला. ट्रे मिळाला. नकली चामड्याची काळी कव्हरं मिळाली. मॅट मात्र या गाडीच्या मापाच्या नव्हत्या.

"पुढच्या बोटीनं येतील," पोरगी म्हणाली.

"पुढची बोट कधी?"

"आधीची आली की मग कळेल."

मलाकी तिच्याशी बोटींवर वाद घालत होता तेवढ्यात फुआतिनोनं मान डोलावणारं एक प्लॅस्टिकचं कासव खरेदी करून पिशवीत टाकलं. घरी येऊन ते गाडीच्या पुढच्या फळीवर चिकटवलं, तेव्हा मलाकी म्हणाला, "याचा उपयोग काय?"

"घरात एकजण तरी मला हो म्हणेल."

काळी कव्हरं चढवून गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. मलाकी पडदा लावायचा विसरला होता, पण ते त्यानं कबूल केलं नाही. फुआतिनो आत बसली आणि बसली त्याच्या दुप्पट वेगानं बाहेर आली.

"अहो, हा तवा आहे! वर दोन केळी टाका, भाजून निघतील."

संध्याकाळी गार झाल्यावर पाळकीणबाई बसून बघायला आल्या. त्या जाड्या, आणि घामानं त्यांची पोटरी कव्हरला चिकटली. उठताना असा काही आवाज झाला की पाळकसाहेबांनी आकाशाकडे पाहिलं. कव्हरं त्याच दिवशी उतरली, आणि गाडी पुन्हा सायीच्या रंगाची, बिनमाणसांची उभी राहिली.

इथवर सगळं ठीक होतं. पण गावात बातमी फिरली की मलाकीला गाडीसाठी चटई मिळत नाही. कुणी मॅट म्हणालं नाही, चटईच म्हणालं. ती बातमी त्याच्या थोरल्या बहिणीच्या, तालोसागाच्या, कानावर गेली.

आमच्याकडे भाऊ बहिणीला नाही म्हणत नाही. तिचा शब्द भावाच्या डोक्यावर असतो, आणि तिचा तळतळाट तर सात पिढ्यांच्या. तालोसागा विधवा, वाकलेली, पण केवड्याच्या पानांची चटई विणण्यात तिचा हात धरणारी बाई आसपासच्या गावांत नव्हती. ती काठी टेकत आली आणि अंगणातूनच म्हणाली, "माझ्या भावाला चटई मिळत नाही? आणि मी काय मेले?"

"ताई, तशी चटई नव्हे गं. रबराची."

"काय?"

"रबराची!"

"ओरडू नकोस, मला ऐकू येतं. ऐकू तुला येत नाही. रबर म्हणे! चाकाला लावतात ते घरात घालतोस?"

"ताई, ही गाडी आहे, घर नाही."

"दार आहे, छप्पर आहे, बसायला जागा आहे. मग काय आहे?"

फुआतिनो मागे उभी राहून कासवासारखी मान हलवत होती.

तालोसागानं एका दोरीनं गाडीच्या तळाचं माप घेतलं. त्यानंतर कित्येक आठवडे ती दिसली नाही. पानं उकळली, सोलली, समुद्राच्या पाण्यात भिजवली, उन्हात पांढरी केली, आणि तिच्या शेडमधून विणकामाला बसलेल्या बायकांच्या हसण्याचे आवाज येत राहिले. मग एका शनिवारी त्या सगळ्याजणी रांगेनं चटया घेऊन आल्या. चटया कसल्या, रेशीम! बारीक विणीच्या, मऊ, आणि चहूबाजूंनी लाल पिसांची किनार. तशी किनार आम्ही लग्नाच्या आणि मयताच्या मानाच्या चटयांना लावतो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. फुआतिनोनं कोको दिला. मलाकीच्या डोळ्यांत पाणी आलं. बरंचसं प्रेमाचं होतं, थोडं काळजीचं.

चटया अंथरल्या गेल्या. मलाकीनं स्टिअरिंगपुढच्या चटईवर पाय टेकवला, आणि काठी त्याच्या नडगीवर बसली.

"पाय?" तालोसागा म्हणाली. "लाल पिसांवर पाय?"

"मग कुठे ठेवू?"

"ते तू बघ. गाडी तुझी आहे."

इंजिनवाल्याला एवढं मात्र कळत होतं की पेडलखाली सुटी चटई म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून ताईनं पाठ फिरवल्यावर त्यानं आपल्या पायाखालची चटई गुंडाळून मोठ्या मानानं डिकीत ठेवली, माशांच्या ट्रेपासून लांब. बाकीच्या तीन जागच्या जागी राहिल्या. आणि आमच्या माणसांना चटई दिसली की जे करायचं असतं तेच झालं. गाडीत शिरण्यापूर्वी जो तो चपला बाहेर काढून ठेवू लागला.

सोमवारी गावप्रमुख तुइआसाऊ आणि पाळकसाहेब यांना आपियाला सरकारी कचेरीत जायचं होतं. आमच्या रस्त्याला गटार नाही, पावसात शाळेपर्यंत चिखल होतो, त्याचं गाऱ्हाणं होतं. मलाकीनं त्यांना धक्क्यावर सोडायचं ठरलं. दोघांच्या कमरेला गुंडाळलेलं इस्त्रीचं वस्त्र, वर कोट, टाय. दोघांनी आदबीनं चपला काढल्या, मागच्या बाकावर बसले, आणि गुडघे छातीशी घेऊन पाय चटईच्या वर अधांतरी धरले. गाडी आवाज न करता निघाली. मागे मलाकीच्या दारात चपलांचे तीन जोड शेजारी शेजारी राहिले.

धक्क्यावर बोट भोंगा देत होती. तुइआसाऊ उतरले आणि तापलेल्या डांबरावर टुणकन उडाले.

"माझ्या चपला?"

तिघांनी एकमेकांच्या पायांकडे पाहिलं. मलाकीही अनवाणीच होता.

"मलाकी," तुइआसाऊ फार शांतपणे म्हणाले, "मी या गावाचा प्रमुख आहे. मी काय मंत्र्यांच्या कचेरीत कोंबडीसारखा जाऊ?"

मलाकी धावत बोटीत शिरला आणि इंजिनखोलीतल्या जुन्या दोस्ताकडून मिळालं ते घेऊन आला. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, दोन जोड, पिवळे. वरती कोट आणि टाय, खाली पिवळे बूट, अशी ती दोन थोर माणसं बोटीच्या पायऱ्या चढताना आम्ही सर्वांनी पाहिली आणि कोणीही हसलं नाही. म्हणजे बोट सुटेपर्यंत.

कचेरीत काय झालं ते पाळकसाहेबांनी पुढे कितीतरी वेळा सांगितलं. साहेब म्हणे त्यांना बघून खुर्चीतून उठलाच. "इतका चिखल आहे?" त्यानं विचारलं. तुइआसाऊंनी फक्त बुटांकडे पाहिलं. पाळकांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. गटार त्याच बैठकीत मंजूर झालं.

झालं! गावानं ठरवूनच टाकलं की चटई शुभ आहे. आता ती काढणं मलाकीच्या हाती राहिलं नाही. लोक मुद्दाम बसायला येत, पाय अधांतरी धरून गावातून एक फेरी मारत, आणि मलाकी रात्री फुआतिनोला म्हणे, "ही गाडी नाही, देवळाची वेदी झालीय."

"ताईंना सांगा."

"तू सांग."

"मी? मी वहिनी. माझी हाडं कुत्र्यांना घालतील."

शेवटी सुटका झाली ती तालोसागामुळेच. तिला गुडघ्याच्या तपासणीसाठी इस्पितळात न्यायचं होतं. ती पहिल्यांदाच गाडीत बसत होती. चपला काढल्या, पुढच्या सीटवर टेकली, आणि पाय उचलून धरले. मलाकी हळूहळू चालवत होता. थोडं अंतर गेल्यावर त्यानं तिरक्या नजरेनं पाहिलं. तिचे पाय थरथरत होते. एक हात दुखऱ्या गुडघ्याखाली आणि दात घट्ट आवळलेले.

त्यानं नीरफणसाच्या झाडाखाली गाडी थांबवली.

"ताई, पाय टेक."

"नाही."

"अगं, तू विणलीस ती."

"म्हणूनच." मग ती कण्हत म्हणाली, "गाडीत कुणी पाय टेकवत नाही का रे?"

"सगळे टेकवतात, ताई. आपलंच गाव सोडून."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू पिसं लावली होतीस."

तालोसागानं खालच्या पिसांकडे पाहिलं. कासव एकटंच मान हलवत होतं. मग तिनं बोटानं त्या सायीच्या रंगाच्या गादीला टोचून पाहिलं, घामानं पाठीला चिकटलेली चोळी ओढून सुटी केली आणि म्हणाली, "आणि हे काय बुडाखाली? पाठीला नुसता घाम. चटई ही बसायची वस्तू, गाढवा. पायाखाली कुणी अंथरायला सांगितली?"

"तूच!"

"ओरडू नकोस."

तिथल्या तिथे चटया वर आल्या. एक तिच्याखाली, दोन मागच्या बाकावर. पिसांची किनार तिनं स्वतःच्या हातानं उसवली आणि पिशवीत ठेवली. चटई अंगाला गार लागत होती, घाम तिच्यातून निघून जात होता आणि गादीला डागही लागणार नव्हता. मलाकीनं जन्मात इतकं सोयीचं सीटकव्हर पाहिलं नव्हतं, पण ताईपुढे तो एवढंच म्हणाला, "चालेल."

पायाखालचंही जमलं. फेरीबोटीत गाड्या चढतात त्या उतारावरचं जुनं खरखरीत रबर इंजिनखोलीतल्या त्या दोस्तानं बदलून बाजूला टाकलं होतं. मलाकीनं ते गाडीच्या तळाच्या मापानं कापलं, कडा तापवून वर वळवल्या, आणि पेडलखाली सरकू नये म्हणून खाली बोल्टनं पक्कं केलं. तालोसागा दुसऱ्यांदा बसायला आली तेव्हा तिनं चपलांसकट दोन्ही पाय खाली ठेवले, एकदा आपटून पाहिले, आणि मागे रेलली. नवी बांधलेली सीटची चटई पाठीमागे कुरकुरली.

"कुठे जायचं, ताई?"

"कुठेही. समुद्राच्या कडेनं ने."

पाचव्या वळणावर ती घोरायला लागली. मलाकीला ते ऐकू आलं नाही, पण तिचं उघडं तोंड दिसलं. त्यानं वेग कमी केला. मागे वळावं तर हलवाहलव होईल, म्हणून तो सरळच जात राहिला. काळ्या लाव्ह्याचं मैदान गेलं, एका मागून एक गावं गेली, आणि बॅटरीचा आकडा उतरत उतरत असा खाली आला की शेवटी त्याला उत्तर किनाऱ्यावरच्या एका लांबच्या मामेभावाच्या अंगणात शिरावं लागलं. मामेभावानं फ्रीझरची वायर काढून गाडीची लावली आणि वितळण्याआधी संपवायला हवं म्हणून आतलं डुकराचं मटण शिजत घातलं.

वासानं तालोसागा जागी झाली. तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

"हे कुठे आणलंस?"

"बॅटरी संपली, ताई."

"मी घोरत होते का?"

"मला काय ऐकू येतंय?" मलाकी म्हणाला, आणि तिच्या बाजूचं दार उघडून तिची काठी पुढे केली.