बुडावर कोरलेली नावे

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा आहे. माझ्या झाकणाला पोचे आले आहेत आणि कडी कधीच तुटून गेली. तरीही माझे आयुष्य तुम्ही ऐकावे असे मला वाटते.

भायखळ्याच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. परळच्या चाळीत राहणाऱ्या शेवंतीने मला विकत घेतले आणि दुकानातच माझ्यावर नाव घालून घेतले : 'शेवंती कोंडीराम, परळ'. तिचा नवरा कोंडीराम गिरणीत कामाला होता. त्याची भाकरी आणि बोंबलाची चटणी मी रोज वाहून नेत असे. "कोंडीराम, तुझा डबा उघडला की आमचं जेवण बेचव लागतं बघ," असे त्याचे सोबती म्हणायचे, तेव्हा मला फार बरे वाटायचे.

मग दुसरे महायुद्ध पेटले. कोंडीराम फौजेत भरती झाला. शेवंतीला तेव्हा सातवा महिना होता. तिने माझ्यात शेंगदाण्याचे लाडू भरले.

"फौजेत भांडी मिळतात गो," तो हसत म्हणाला.

"मिळूदेत. घरचं एक तरी असूंदे."

समुद्रापलीकडच्या एका बेटावर त्याची तुकडी शत्रूच्या हाती सापडली. कैद्यांना दिवसभर दगड फोडावे लागत. माझ्यात मूठभर भात पडे. जो आजारी पडेल त्याला तेवढाही मिळत नसे. पहिला माणूस उपासाने गेला त्या दिवशी कोंडीरामने एक खिळा शोधला आणि माझ्या बुडावर त्याचे नाव, गाव व तारीख कोरली.

"हे कशाला रे?" त्याचा सोबती धोंडू म्हणाला.

"कुणीतरी विचारील ना, माणसं कुठं गेली म्हणून."

खिळ्याचे मला काही वाटत नसे. पण दर नावाला खिळा अधिकच उथळ जातो आहे, हे मला कळत होते. त्याने नऊ नावे कोरली. दहावे धोंडूने कोरले. ते कोंडीरामचे होते. अकराव्या माणसाच्या वेळी धोंडू स्वतःच तापाने फणफणला होता, म्हणून ते नाव अर्धेच राहिले.

लढाई संपल्यावर युद्धातल्या गुन्ह्यांचा निवाडा करायला निरनिराळ्या देशांचे न्यायाधीश बसले. छावणीचा अधिकारी छाती काढून म्हणाला, "माझ्या छावणीत उपासानं एकही माणूस मेला नाही." तेव्हा धोंडूने मला उलटे धरले आणि एकेक नाव वाचले. त्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली. माझ्या गळ्यात पुरावा म्हणून एक क्रमांक बांधला गेला. बिचारा धोंडू मात्र परतीच्या बोटीवरच वारला.

मित्रांनो, निकाल लागला म्हणजे काम संपत नाही. न्यायालय उठले, पण पुराव्याच्या वस्तू घरोघर पोचवायचे आणि मेलेल्यांच्या माणसांना कळवायचे काम मागे उरले. पाठवलेली पत्रे 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत आली. मी मुंबईच्या एका कचेरीत कपाटात पडलो. माझ्यात कुणी टाचण्या ठेवी, कुणी विडीची राख झाडी. अशी कितीतरी वर्षे गेली.

१९५६ साल उजाडले. उरलेल्या फायली बंद करायचे काम शामराव नावाच्या उतारवयाच्या कारकुनाकडे आले. "वारस सापडत नाहीत असं लिहा आणि सामान मोडीत काढा," साहेब म्हणाले.

शामरावांनी मला उलटे केले. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला. "साहेब, मला एक महिना द्या. मी पायी फिरतो."

संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटले होते ते दिवस. संचारबंदी उठली की शामराव मला पिशवीत घालून परळच्या चाळी धुंडाळत. "लढाईवर गेलेला कोंडीराम कुणाचा?" असे विचारीत विचारीत अखेर ते शेवंतीच्या दारात पोचले.

तिच्याकडे एकच सरकारी कागद होता, 'बेपत्ता' असा. चौदा वर्षे ती कपाळाला कुंकू लावून वाट पाहत होती. मला पाहताच तिने ओळखले. तिला वाचता येत नव्हते. बापाने कधी न पाहिलेली तिची मुलगी, नलू, वाचू लागली. नऊ नावे झाली आणि ती थांबली.

"थांबलीस का?"

"आई, पुढचं बाबांचं आहे."

शेवंतीने मला उजेडाकडे वळवले. मग म्हणाली, "वाच. त्यानं एवढ्या जणांची लिहिली. त्याचं कुणीतरी वाचूक नको?"

तेरावा दिवस झाल्यावर ती शामरावांकडे गेली. "बाकीच्यांच्या घरी मी येते तुमच्यासंगती. बाईमाणसाला बाईमाणूस बरं सांगतं."

दोघांनी मुंबईतली सहा घरे शोधली, गावाकडे तीन पत्रे धाडली. अर्ध्या नावाचे घर आजवर कुणाला सापडलेले नाही.

शेवटचे घर वरळीला, गंगुबाईचे. त्या दिवशी नलूही बरोबर होती. पाचवे नाव तिच्या थोरल्याचे, गुणाजीचे होते. तिने सगळे ऐकून घेतले. डोळ्यांतून टिपूसही आले नाही. "मारणाऱ्याला शिक्षा झाली म्हणता?"

"झाली," शामराव म्हणाले.

"माझा धाकटा रामजी मोर्चाला गेलेला. जानेवारीत पोलिसांची गोळी लागून गेला तो. त्याचं कोर्ट कधी बसायचं?"

शामराव मला पिशवीत घालू लागले, तशी तिने मला धरले.

"मग ह्याच्यावर जागा असली तर त्याचंही नाव घाला. भावाजवळ राहूंदे."

"बाई, हा न्यायालयातला पुरावा आहे. त्यावर काही लिहिता येत नाही."

"कोर्ट उठलं ना, शामराव?" शेवंती म्हणाली. "आता डबा माझा आहे. नलू, खिळा आण."

नलूने रामजीचे नाव कोरले, तारखेसकट. गंगुबाईने दोन्ही नावांवरून बोट फिरवले आणि विचारले, "ह्यातलं गुणाजीचं कुठलं गो?" नलूने तिचे बोट धरून दाखवले. तेव्हा कुठे ती रडली.

मित्रांनो, घरातले जुने भांडे मोडीत घालण्याआधी एकदा उलटे करून पाहा. त्यावर कुणाचे नाव असेल, तर ते मोठ्याने वाचा.