खाटेखालचा डांबरी दगड

मित्रांनो, मी डांबराचा एक म्हातारा दगड आहे. नाक मुरडू नका. रस्त्यावरच्या पिंपातलं डांबर कारखान्यात तयार होतं, मी खाणीतला. फार पूर्वी जमिनीच्या पोटातलं तेल भेगांतून वर झिरपलं. त्यातलं पातळ होतं ते उडून गेलं, काळं आणि जड ते मागे राहिलं. तोच मी. माझ्या भाऊबंदांनी होड्यांची बुडं राखली, हौदांच्या भिंती राखल्या. पाणी अडवणं हा आमचा पिढीजात धंदा आहे.

जहाजातून, मग ट्रकमधून मी पोत्यात बसून सोलापुरात आलो. चंद्रव्वाचा स्लॅब गळत होता. ती कडक भाकऱ्या करून विकायची, आणि ओल लागली की भाकरी मऊ पडते. तिचा मुलगा सिद्धू आम्हांला घेऊन आला. गच्च्यांची गळती काढणाऱ्या ज्ञानबाने आम्हांला फोडलं, कढईत तेल घालून वितळवलं आणि गच्चीभर पसरलं. कढई भरली म्हणून मी तेवढा गच्चीच्या कोपऱ्यात उरलो.

"अव्वा, आता वर बारीक वाळू मारतो," ज्ञानबा म्हणाला. "न्हाय तर उन्हात हे मऊ पडतंय."

"ब्याड, नगं रे बाबा!" चंद्रव्वा म्हणाली. "गच्चीवर भाकऱ्या वाळवते मी. वाळूची कचकच लागली तर कोण घेतंय?"

"मग उन्हाळ्यात वर जड काय ठेवू नका."

ती 'व्हय' म्हणाली. त्या पावसाळ्यात थेंब गळला नाही. "लई गुणाचा दगड हाय," असं ती गल्लीत सांगत सुटली, आणि मी कोपऱ्यात फुगून बसलो.

मे महिना आला. काळ्या गच्चीवर भाकरी झटपट वाळते हे तिच्या ध्यानात आलं. सिद्धूने लोखंडी खाट वर चढवली, तिच्यावर भाकऱ्यांची चळत लागली. खाटेचे पाय माझ्या भावांच्या अंगात रुतत गेले, पार स्लॅबपर्यंत. खाट उचलली तेव्हा चार खड्डे उरले. मला ते दिसत होते, पण दगडाला तोंड कुठलं?

सप्टेंबरात पाऊस झोडपायला लागला. दसऱ्यासाठी रचलेल्या भाकऱ्या भिजल्या, त्यांना बुरशी आली. दुकानदारांनी दुसरीकडून माल घेतला.

"ज्ञानबानं फसवलं," सिद्धू ओरडला. "दगडच खोटा हाय."

चंद्रव्वा वर आली. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तिने बोट घातलं, मग दुसऱ्यात. "आपल्याच खाटंचे पाय हाईत की रे हे," ती हळूच म्हणाली.

"गप बस, अव्वा. कुटं बोलू नगं."

सिद्धूने गल्लीभर ज्ञानबाचंच नाव घेतलं, तिने ते खोडलं नाही. गल्लीत आता ज्ञानबाला कुणी काम देत नाही. खड्ड्यांवर निळी ताडपत्री पडली आहे आणि तिच्याखालून पाणी झिरपतंच आहे. चंद्रव्वा जुळे सोलापूर भागात दुसऱ्याच्या चुलीवर रोजाने भाकऱ्या थापते. राग येतो मला, मित्रांनो. शिव्या आम्ही खाल्ल्या, आणि खरं ठाऊक असलेली माणसं मान खाली घालून जेवतात.

खाट खोलीत परत आली. तिचा एक पाय वाकला होता, म्हणून सिद्धूने मला त्याच्याखाली सरकवलं. चंद्रव्वा याच खाटेवर झोपते. उशाशी पातेलं ठेवलेलं असतं, त्यात थेंब पडत राहतात.

एखाद्या वस्तूला दोषी ठरवण्याआधी आपले पाय कुठे रुतले ते बघत जा, मित्रांनो. ते चार खड्डे भरायला मी एकटा पुरेन. मला फक्त थोडं तेल घालून तापवायला हवं, आणि तिची चूल माझ्यापासून हातभर अंतरावर आहे.