तातेरावांचं पांढरं पाल

तातेरावांनी आयुष्यभर लोकांना बसायला खुर्च्या पुरवल्या, स्वतः मात्र कधी बसले नाहीत. त्या सकाळी गोदामासमोर ते पहिल्यांदाच स्वतःच्या मालकीच्या खुर्चीत टेकले, "जरा बसतो रे" म्हणाले, आणि उठलेच नाहीत. वारंगा फाट्यावरच्या लोकांना बराच वेळ वाटत राहिलं, की मंडपवाल्या तात्यांना उशिरा का होईना, शहाणपण सुचलं.

डॉक्टर आले, मान हलवून गेले. तातेरावांना अंगणात निजवलं. आता अडचण एवढीच होती, की अंगणात ऊन होतं.

मे महिन्यातल्या त्या उन्हाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांनी सोसलंय त्यांना ठाऊक आहे आणि बाकीचे विश्वास ठेवत नाहीत. दारातला लिंब रस्ता रुंद करणाऱ्यांनी नेला होता. घर पत्र्याचं, त्यात सकाळपासून लाइट गेलेली. आत जित्या माणसाचं खरं नव्हतं. लेक शिवकन्या पुण्याहून निघाली होती, ती दिवस मावळायच्या सुमाराला पोचणार. "पोरीनं तोंड पाहिल्याबिगर हालवायचं न्हाई," असं मनकर्णाबाईंनी एकदाच सांगितलं. रसवंतीवाल्यानं बर्फाच्या लाद्या आणून दोन्ही अंगांना लावल्या. लाद्या डोळ्यांदेखत पाघळत होत्या. मनकर्णाबाई उशाशी बसून नवऱ्याच्या तोंडावर पदर धरून होत्या. पदर तोंडापुरताच होता आणि तात्या चांगले उंचेपुरे.

"ज्यानं साऱ्या मुलखाले सावली देली, त्याच्याच अंगावर सावली न्हाई," हे वाक्य जमलेल्यांपैकी प्रत्येक जण एकदा तरी म्हणाला. म्हणून झाल्यावर तो समोरच्या दुकानाच्या सावलीत जाऊन उभा राहिला. एकानं काळं प्लास्टिक आणून ताणलं. त्याच्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालं, मनकर्णाबाईंनी ते ओढून फेकलं. लग्नाची दाट तिथ होती. फाट्यावरच्या दुसऱ्या मंडपवाल्याचाही चिंधीन्‌चिंधी माल लग्नांत गुंतलेला. मुलाच्या, म्हणजे भागवतच्या, मोबाइलवर मात्र सावलीची टंचाई नव्हती. लोकांनी स्टेटसला ठेवलेल्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'मध्ये तात्या संगमरवरी खांबांच्या महालात उभे होते, वर झुंबर, खाली ढग.

"भागवत," माय म्हणाली, "पांढरं पाल काढ."

भागवतनं न ऐकल्यासारखं केलं.

"काहून उभा राहिला? त्याईचं पांढरं पाल काढ म्हणून राहिले ना मी."

"काढतो माय," भागवत म्हणाला, आणि गोदामात जाऊन रिकाम्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पांढऱ्या पालाची गोष्ट फाट्यावर सगळ्यांना माहीत होती. तातेरावांची आई अशाच उन्हात गेली, तेव्हा चार जणांनी घोंगडीची चार टोकं धरून तिच्यावर सावली केली होती. माणसांचे हात भरून यायचे, घोंगडी खाली यायची, आणि मधेच म्हातारीच्या तोंडावर ऊन पडायचं. तातेरावांनी मंडपाचा धंदा काढला तो त्या उन्हावर. खुर्च्या, भांडी, झालरी मागून आल्या. पहिली खरेदी म्हणजे हे जाड पांढऱ्या कापडाचं पाल. ते फक्त मौतीच्या घरी जायचं. मराठ्याचं घर असो, बौद्धवाडा असो की तांडा, निरोप आला की तात्या पाल घेऊन हजर. त्याचं भाडं त्यांनी कधी घेतलं नाही. "लग्नाले भाडं, मौतीले न्हाई," हा त्यांचा एक नियम. "लग्नघरी मौतीचं नाव काढायचं न्हाई," हा दुसरा. आणि "शेवटची पंगत उठल्याबिगर दोरी सोडायची न्हाई," हा तिसरा, कारण शेवटच्या पंगतीला बाया असतात, आणि साऱ्यांना वाढून दमलेल्या बायांनी उन्हात जेवावं हे त्यांना पटत नसे. धंदा बुडवायला एवढे नियम पुष्कळ होते. तरी तो चालला, हे तात्यांनाही कोडंच होतं.

घरच्यांसाठीही त्यांचे रिवाज होते. प्रत्येक लग्नातून ते मनकर्णाबाईंसाठी रुमालात बुंदी बांधून आणत. बाईंना बुंदीचा वीट येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण हे त्यांनी नवऱ्याला कळू दिलं नाही. रुमाल सोडायच्या आणि उभ्या उभ्या खायच्या. शिवकन्येला रोज फोन करून तात्या कुणाच्या लग्नात वांग्याची भाजी कशी झाली होती ते सविस्तर सांगत. ती पुण्यात डबा उघडून ऐकत बसायची.

तर ते पाल गोदामात नव्हतं. आदल्या दिवशी भागवतनंच ते छोट्या हत्तीत, म्हणजे मालाच्या टेम्पोत, टाकलं होतं. जळबा गवंड्याच्या ऐश्वर्याचं लग्न. बौद्ध लग्न, मांडव पांढरा पाहिजे, आणि पांढरं कापड कमी पडलं. तात्यांनी पेटीतून हे पाल काढलं.

"बाबा, हे मौतीचं हाय."

"कापडाले काय कळते? टाक गाडीत."

भागवतनं टाकलं, पण त्याचं मन खात राहिलं. घाईच्या दिवसांत बापानं वेळ मारून नेली, असं त्यानं धरलं. कुणाला कळलं तर? 'मराठ्यानं बौद्धाच्या पोरीच्या डोक्यावर मौतीचं पाल ताणलं' हे वाक्य फोनवर टाइप करायला कितीसा वेळ लागतो. आपल्याकडं माणसाचं नाव व्हायला जन्म जातो आणि जायला एक फॉरवर्ड पुरतो.

जळबाचा फोन लागत नव्हता. त्याच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येई, आणि पोरीच्या लग्नादिवशी बाप टाकीवर चढत नाही. भागवतनं छोटा हत्ती काढला. कोरड्या कालव्याच्या कडेनं जाताना त्याच्या लक्षात आलं, की आपण अनवाणीच निघालोय.

मांडव लांबून दिसला. पाल अगदी मधोमध, वधूवरांच्या डोक्यावर ताणलेलं. ते पाहून भागवतला त्या दिवसातलं पहिलं रडू आलं, कारण त्याच्या सावलीत माणसं इतकी आरामात बसली होती. त्यानं तोंड पुसलं. सुतकातल्या माणसानं लग्नाच्या मांडवात शिरू नये म्हणून तो बाहेर उन्हात थांबला. पण मधेच लग्न लागलं, फुलांच्या पाकळ्या उधळल्या गेल्या, आणि माइक नवरीचे मामा रत्नपालगुरुजी यांच्या हाती होता.

"आपल्या या मंडपाचे मालक आदरणीय तातेराव यांचे चिरंजीव भागवतराव यांचं आगमन झालेलं आहे! त्यांनी मंचाकडे यावं!"

दोघा पोरांनी त्याला धरून आणलं. पाय सावलीत पडला, तळव्याला गार वाटलं, आणि गार वाटल्याची त्याला लाज वाटली. गुरुजींनी हातात गुलाबाचं फूल दिलं.

"तात्यांनी जात पाहिली नाही, वेळ पाहिली नाही. अशी माणसं आता दुर्मीळ झालीत. तात्यांना उदंड आयुष्य लाभो, अशी मी मंगल कामना करतो!"

टाळ्या पडल्या. भागवतनंही वाजवल्या. न वाजवणं दिसून आलं असतं.

खाली उतरतो तर नवरीची आई, पद्माबाई. "तात्या काहून न्हाई आले? त्याईले सांग, विहीण रुसो न रुसो, मी रुसले. ऐशूच्या लग्नाची बुंदी मनकर्णाबाईले कोण नेईल मग?"

"सांगतो काकू."

"अन् तू जेव पह्यले. तोंड पाहा कसं झालं, जसा काही तुह्यावरच लग्नाचा खर्च पडला!"

बाया हसल्या. भागवतही हसला. लग्नघरी मौतीचं नाव न काढायचा बापाचा दुसरा नियम इतका अवजड आहे हे त्याला माहीत नव्हतं.

जळबा पंगतीत पाणी वाढत होता. "ये भागवत! कसं काय येणं केलं?"

"काका, एक पाल पाहिजे होतं. एका ठिकाणी कमी पडून राहिलं."

"ने की. कोणतं?"

"पांढरं."

"अरे बाप्पा, सारेच पांढरे हायेत ना."

"मधलं," भागवत म्हणाला.

जळबानं वर पाहिलं. पालाच्या कोपऱ्याला उदबत्तीनं जळालेलं भोक होतं, हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं. मग त्यानं खाली पाहिलं, भागवतच्या पायांकडं. जेवणारा माणूस "पुरे काका, पुरे" म्हणत होता. पाणी ग्लासातून पत्रावळीत, पत्रावळीतून मातीत चाललं होतं.

"चप्पल कुठं हाय तुही?"

भागवतनं पाय मागं ओढले.

"कोणाच्या घरी पाहिजे?"

भागवत वरच्या पालाकडं पाहत राहिला.

"तात्या सोता काहून न्हाई आले?" हे जळबानं इतकं हळू विचारलं, की त्याला उत्तर नको होतं हे कळत होतं.

त्यानं पाण्याचा जग खाली ठेवला आणि भागवतला चुलाणांच्या मागं नेलं. तिथं धूर होता, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचा कुणाला संशय येण्यासारखा नव्हता.

"मीच मागितलं व्हतं रे ते," जळबा म्हणाला. "माही माय गेली तवा हेच व्हतं तिच्यावर. तात्या न्हाई म्हणे, लोक काय म्हणतीन. म्या म्हणलं, आजीची सावली पडू द्या पोरीवर. आज ती असती तर तिथंच बसली असती."

म्हणजे भागवतनं रात्रभर बाळगलेली भीती फुकट गेली होती. सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. पण त्या दिवशी तेवढी जागाच शिल्लक नव्हती. त्याला फक्त पाघळणारा बर्फ दिसत होता, आणि मायचा हात.

"बायाची पंगत राह्यली काका. ती होऊ द्या. बाबाचा नियम..."

"त्या नियमानं इकडं बाया सावलीत जेवतीन, अन् तिकडं..." जळबा तिथंच थांबला. लग्नघरी नाव काढायचं नव्हतं. नियम त्यालाही पाठ होता. "दोरी मी सोडतो. तू हात लावू नको. मंग तुह्या हातून नियम मोडला न्हाई."

गवंड्याचा हात, गाठी भराभर सुटल्या. मांडवाच्या मधोमध उन्हाचा चौकोन पडला आणि बायांची नुकतीच बसलेली पंगत नेमकी त्यात सापडली. एकच गलका झाला.

"ओ मंडपवाले! दुसरीकडं जास्त भाडं भेटलं काय?"

"पोरीचं लग्न हाय का भंगाराचं दुकान, अर्ध्यात उचलून राहिले!"

गुरुजींनी माइक घेतला. "मंडप काढण्याची घाई कृपया करू नये. भगिनींची पंगत बाकी आहे."

"म्याच सांगितलं, म्याच!" जळबा ओरडत होता, पण तेवढ्यात डीजे सुरू झाला. पद्माबाई डोक्यावर पत्रावळ धरून भागवतच्या अंगावर आली. "तात्या असते तर असं झालं नसतं!"

हे मात्र खरं होतं. भागवतनं मान डोलावली आणि पालाची गुंडाळी खांद्यावर घेतली. कोणी तरी मागून शीळ घातली. गुलाबाचं फूल त्याच्या खिशात अजून होतं.

"संध्याकाळी कळंल साऱ्याले," जळबा गाडीपाशी म्हणाला. "तवर खाय शिव्या. पोरीची पाठवणी झाली का आलोच मी."

परतीच्या वाटेवर भागवतनं गाडी जमेल तितकी दामटली. अंगणात माणसं वाढली होती, बर्फ निम्म्यावर आला होता. मनकर्णाबाई होत्या तशाच, पदर होता तिथंच; फक्त उजवा हात थकल्यावर आता डावा होता. तोही भरून खाली यायचा, आणि तात्यांच्या तोंडावर ऊन मधूनमधून पडून जायचं.

चौघांनी पालाची टोकं धरली, बांबू रोवले, कापड उलगडलं. उलगडता उलगडता आतून पाकळ्या गळायला लागल्या. झेंडूच्या, गुलाबाच्या. तात्यांच्या छातीवर, कपाळावर, बर्फावर. जमलेली माणसं आधी दचकली, मग प्रत्येकानं दुसऱ्याकडं पाहिलं, आणि कुणालाच बोलण्यासारखं काही सुचलं नाही. फाट्यावर असं सहसा होत नाही.

सावली पडली. मनकर्णाबाईंनी वर पाहिलं.

"कोणाच्या लग्नात व्हतं?"

"जळबाकाकाच्या ऐश्वर्याच्या."

"लागलं बराबर?"

"लागलं."

"शेवटची पंगत उठली व्हती का?"

भागवतनं आयुष्यात मायशी खोटं बोलायचा प्रसंग क्वचितच आणला होता. पलीकडं, कालव्यापार, बाया आत्ता कुठं भाताला हात लावत असतील, डोक्यावर रिकाम्या पत्रावळी धरून.

"उठली व्हती," तो म्हणाला.

मायनं नवऱ्याच्या पापणीवरची एक पाकळी उचलली, दोन बोटांत धरून पाहिली.

"वल्लीच हाय की अजून," ती म्हणाली.

मग तिनं ती पाकळी पदराच्या टोकाला ठेवली आणि बुंदीच्या रुमालासारखी वर गाठ मारली.