बिनपाठीचा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. पुढून बघाल तर एखाद्या मंत्र्याला शोभेन, आणि मागून बघाल तर हसाल, कारण मला पाठच नाही. पाठीच्या जागी चार नाड्या आहेत. पुढे कॉलर आहे, टाय आहे, आत पांढरा शर्ट दिसतो, पण तोही छातीपुरता शिवलेला नुसता तुकडा. हसून घ्या. मला सवय आहे.

जन्माने मी कोटही नव्हतो. एका सैनिकाची घोंगडी होतो. लढाई थांबल्यावर बुसानच्या बाजारात एका म्हाताऱ्या शिंप्याने मला काळ्या रंगात उकळलं आणि कापायला घेतलं, तर कापड कमी पडलं. ज्याच्यासाठी मी शिवला जात होतो तो मुन चांग-गिल शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "पाठ राहू द्या हो. फोटोत पाठ कोण बघतंय?"

मुन फिरता फोटोग्राफर होता. मूळचा उत्तरेकडच्या हामहुंगचा. लढाईत इकडे दक्षिणेत आला, मागे सीमा बंद झाली आणि आई तिकडेच राहिली. ती आहे की गेली, हे कळायला मार्ग नव्हता. चुसोकच्या सणाला घरोघरी पितरांची ताटं मांडतात, तेव्हा आईच्या नावाने ताट मांडावं की नाही, हेसुद्धा त्या बिचाऱ्याला कधी ठरवता आलं नाही. पाठीवर लाकडी कॅमेरा, खांद्याला पिशवी आणि पिशवीत घडी घालून मी, असे आम्ही गांगवोनच्या डोंगरातली गावं पायी फिरायचो.

ते दिवस मात्र सुखाचे होते. गावात शिरलो की बायका हातातली कामं टाकून येत. कुणी निखाऱ्यावरचा बटाटा पुढे करी, कुणी कुट्टूचं गरम धिरडं. कोट गावात एकाकडेही नसायचा, म्हणून फोटोसाठी सगळ्या गावाला मीच. शेतकरी, सुतार, मधमाश्यांवाला, ज्याच्या त्याच्या छातीवर मी जाऊन बसे आणि मागे मुन नाड्या आवळी. साठी पूर्ण झालेले एक आजोबा मला घालून ताठ बसले, तर त्यांची म्हातारी म्हणाली, "आज पहिल्यांदा माणसात दिसताय. लग्नात असे दिसला असतात तर मी रडत आले नसते."

"तू रडत नव्हतीस, खात होतीस," आजोबा म्हणाले, आणि फोटो हलला.

एका पैलवानाने कुस्तीत बैल जिंकला होता. तो काही केल्या कोट घालेना. "बैलाला घाला. मी काय, पुढच्या साली हरेन. घरात राहणार तो बैल." पाठ नसल्यामुळे मी बैलाला अगदी बेतून शिवल्यासारखा बसलो. त्याने माझ्या टायचं टोक चघळलं, ते अजून तसंच आहे. मला तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं, तेवढ्याच गोष्टीचा राग यावा असं आयुष्य असतं तर किती बरं झालं असतं.

लढाई थांबून तीन वर्षं झाली होती. चुसोकच्या आठ दिवस आधी आम्ही बामगोल नावाच्या वाडीत पोचलो. वाडीच्या टोकाला एका विधवेचं घर होतं. आमच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, तशी तिला सगळे इल-होची आई म्हणत. हा इल-हो एकोणिसाव्या वर्षी लढाईवर गेला होता. त्याच्याऐवजी एक कागद घरी आला. घरात आता ती आणि धाकटा गून-हो, दोघंच. गून-होलाही त्या साली एकोणिसावं लागलं होतं.

"मुनभाऊ," ती म्हणाली, "माझ्या इल-होचा फोटो काढून द्या."

मुनला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. "वहिनी, समोर माणूस नको का?"

"धाकट्याला बसवा. आहे तसाच चेहरा, थोडा इकडेतिकडे. ते तुम्ही पेन्सिलीने करता ना? ते काय... सुरकुत्या घालवता, तसं." तिला नीट बोलताही येत नव्हतं. मग एकदम म्हणाली, "मी त्याचा चेहरा विसरायला लागलेय हो. काल दिवसभर नाकच आठवेना. आईला आठवत नाही, मग आठवणार कुणाला?"

जिवंत माणसाचा चेहरा पितरांच्या टेबलावर ठेवणं म्हणजे मोठा अपशकुन. मुनने साफ नाही म्हणून सांगितलं. तेव्हा गून-होनेच मला पिशवीतून ओढून काढलं आणि हात घातले. "काका, आवळा नाड्या. चार दिवस झाले, ही जेवत नाहीये. अपशकुनाचं आपण नंतर बघू."

मी त्याच्या छातीवर होतो म्हणून सांगतो. त्याचं काळीज धडधडत होतं, पण पोटात हसू दाबलेलं होतं. वर्षानुवर्षं मोळ्या वाहून त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता. मानेशी कोंबडीच्या पिलासारखी ऊब होती.

आई त्याला घडवायला लागली. "ताठ बस. इल-हो असा कुबड काढून बसायचा नाही. खांदा वर कर. दात झाक, घोड्यासारखे काय काढतोस? तो ओठ मिटून हसायचा." एकेक करत तिने गून-होमधला गून-हो काढून टाकला. मुनने काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि फोटो घेतला.

नंतर ज्या काचेवरून फोटो छापतात तिच्यावर पेन्सिलीचं काम सुरू झालं. गाल थोडे भरले. इल-होच्या भुवईवर एक वण होता, आता त्याची वेळ आली.

"उजव्या भुवईवर," आई म्हणाली.

"डाव्या गं," गून-हो म्हणाला. "खापरी मीच मारली होती, मला माहीत नाही होय?"

"मी आई आहे. उजव्या."

ती पाणी आणायला गेली, तेव्हा गून-हो हळूच म्हणाला, "डावीच होती, काका. पण उजवीवर काढा. बघणार तीच आहे."

फोटो हातात आला तेव्हा ती बाई मोठ्याने रडली आणि मग भांडंभर भात जेवली. मला स्वतःचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. चुसोकला मुनला जायला घर नव्हतं, म्हणून तिने त्याला ठेवून घेतलं. सकाळी टेबल मांडलं, नव्या तांदळाचा भात, पाइनच्या पानांवर उकडलेल्या करंज्या, मागे काळ्या चौकटीत इल-हो. गून-होने फोटोतल्या आपल्याच तोंडापुढे दारूचा पेला ठेवला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "दादा, तुला माझं नाक लावलंय. सांभाळून वापर."

आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि सगळे हसले. मीसुद्धा.

त्यानंतर दर चुसोकला आम्ही बामगोललाच असायचो. ती रोज सकाळी फोटोपुढे ताज्या पाण्याची वाटी ठेवायची आणि त्याच्याशी बोलायची. पावसाचं, कोंबड्यांचं, धाकट्याच्या तक्रारींचं. मुन दरवर्षी म्हणायचा, "गून-हो, बस रे, तुझा एक काढतो. तुझ्या नावाचा." आणि तो म्हणायचा, "माझा आहे की! टेबलावर बसून करंज्या खातोय. इथं मी उपाशी."

चौथ्या वर्षी मात्र तो आपणहून बसला. पलीकडच्या खोऱ्यातून स्थळ आलं होतं आणि मुलीकडच्यांनी फोटो मागितला होता. त्याने केस पाणी लावून बसवले, मला अंगात घातलं, नाड्याही बांधून झाल्या. तेवढ्यात आई परसातून धावत आली.

"काढ तो कोट! मेल्या माणसाचा कोट घालून मुलीकडे फोटो पाठवतोस?"

"आई, अख्ख्या खोऱ्याने हाच कोट घातलाय."

"घालू दे. तू नाही घालायचास. तुझ्यासाठी चांगला पाठीचा कोट शिवू, मग काढ फोटो."

"मग असाच काढतो, सदऱ्यावर," मुन म्हणाला.

"सदऱ्यावर? मुलीकडचे काय म्हणतील, घरात कोट नाही?"

तिघांनी ठरवलं, पुढच्या साली काढू. नव्या कोटासाठी गून-हो हिवाळ्यात कोळशाच्या खाणीवर गेला. मला त्या दिवशी मेल्याचा कोट म्हटलं म्हणून मी पिशवीत रुसून पडलो होतो. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, की अरे, सदऱ्यावर काढा, उघड्यावर काढा, पण आज काढा. पण मी तर रुसलो होतो.

पुढच्या शरदात आम्ही वाडी चढून आलो, तेव्हा ती फाटकातच उभी होती. काळी चौकट छातीशी धरलेली.

"मुनभाऊ, आलात? बरं झालं. हा वण खोडून द्या."

"का हो, वहिनी?"

"गून-हो गेला. वसंतात. खाणीचं छत खाली आलं." बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात ती सांगत होती. "त्याचा फोटो नाही ना आपल्याकडे. आता हाच त्याचा करा. मूळचा त्याचाच आहे."

मुनने पाठीवरचा कॅमेरा उतरवला. दुसरं काय करणार? काच त्याने जपून ठेवली होती. कापसाने पेन्सिल पुसली. वण गेला, गालांवरची भर गेली. खाली निव्वळ गून-हो उरला. दुसऱ्या दिवशी नवा फोटो वाळला आणि त्याने तो तिच्या हातात दिला.

तिने तो उजेडाकडे नेला. मग म्हणाली, "हा इल-हो आहे."

"वहिनी, हा गून-हो. मी काढलाय. इथंच, याच ओट्यावर बसला होता."

"कळतंय हो मला. डोक्याला कळतंय." तिने फोटो लांब धरला, जवळ धरला. "चार वर्षं रोज सकाळी याला इल-हो म्हणून पाणी दिलं. आता डोळे ऐकत नाहीत. हा इल-होच आहे. माझा गून-हो कुठे आहे?"

मुनने पुसलेली काच तिच्यापुढे धरली.

"कसा दिसायचा हो तो? तुम्ही माणसांचे चेहरेच बघत फिरता. सांगा ना, कसा दिसायचा?"

मुनने डोळे मिटून आठवून पाहिलं, तर समोर आला तो फोटोतला इल-होच. त्यानेही त्या दिवशी कॅमेऱ्यातून इल-होच शोधला होता. गून-होला गून-हो म्हणून आमच्यापैकी कुणी बसवलंच नव्हतं.

मला ठाऊक होतं! डावा खांदा बोटभर खाली. मानेची ऊब. ओठ मिटायला सांगितले की पोटात जाऊन लपणारं हसू. या जगात ते सगळं नेमकं आठवणारा मी एकटा होतो, आणि मी एक कोट होतो. तिच्यापासून हातभर अंतरावर, उघड्या पिशवीत. मित्रांनो, त्याहून मोठं दुःख मला ठाऊक नाही.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचे कपडे जाळतात. गून-होचे सदरे, पायजमे, सगळं जाळून झालं होतं. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने मला उचललं, कॉलरला नाक लावलं. सतराशे माणसांच्या घामाचा वास मला, त्यातून तिला काय मिळालं कोण जाणे. "यात त्याने हात घातले होते," ती म्हणाली. "हा मला द्या."

मुनने मला देऊन टाकलं. त्याने पुढे दुसरा कोट शिवला, त्याला पाठ आहे असं ऐकतो. आता तो आधी माणसाचं नाव विचारतो, काचेच्या कडेला लिहितो, आणि मगच काळ्या कापडाखाली डोकं घालतो. मेलेल्यासाठी जिवंत माणूस त्याने परत कधी बसवला नाही.

त्या चुसोकला टेबलावर दोन ताटं होती. एकामागे फोटो. दुसऱ्यामागे भिंतीच्या खुंटीला मी. तिने माझी कॉलर सरळ केली आणि मागच्या चारही नाड्या नीट बांधल्या, आत कुणी नसताना. त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचे केस पांढरे झाले, पण नाड्या ती अजून स्वतःच बांधते.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला कसर लागली आहे, लागू दे. तुमच्या घरात आत्ता जे माणूस तुमच्यासमोर बसून जेवतं आहे, त्याच्याकडे एकदा नीट बघा. दुसऱ्या कुणासारखं म्हणून नको, त्याचं स्वतःचं म्हणून बघा. त्याचा कुठला खांदा खाली आहे? हसताना दात दिसतात का? सदऱ्यावर असेल तर सदऱ्यावरच बघा, नव्या कोटाची वाट बघू नका.

उद्या चुसोक आहे. ती माझ्यापुढे भात ठेवील, पितरांच्या भातात करतात तसा त्यात चमचा उभा करील आणि म्हणेल, "जेव रे गून-हो, गार होतंय." मग भात गार होईपर्यंत माझ्याकडे बघत बसेल, चेहरा जिथे असायला हवा त्या जागी.