निसर्ग घरी न्यायचा नाही

फळ्यावर: आजचा विषय, पान.

उन्हाळी निसर्ग शिबिर फुकट होतं, म्हणून बागेत मुलांबरोबर आईबापही आले. शिबिर घेणाऱ्या रेणुका मॅडमनी सगळ्यांना, आईबापांनाही, हात पुढे करून शपथ घ्यायला लावली. निसर्ग बघायचा, घ्यायचा नाही. फूल नाही, शिंपला नाही, गळलेलं पानसुद्धा नाही.

शपथ संपली आणि फाटकाशी भागूबाईने डोक्यावरची पाटी उतरवली.

फळ्यावर: पान खोडून, बांगडा.

भागूबाई दर रविवारी पूर्णगडहून पहिल्या एसटीने येते आणि याच फाटकाशी बसते. पाटीत बांगडे, वर बर्फ, आणि मे महिना. ऊन डोक्यावर यायच्या आत पाटी रिकामी झाली नाही तर बांगडे मऊ पडतात. मग फेकायचेच.

माणसं भराभर जमली. भागूबाई खूश. मग तिच्या लक्षात आलं, कोणाच्याच हातात पिशवी नाही. पेन्सिली आहेत.

एकाने बांगड्याचा डोळा काढला. कागदावर. एक गृहस्थ दोन हात अंतरावरून दुर्बीण लावून बघत होते. कारकून विनोद तिचं जुनं गिऱ्हाईक. त्याने सवयीने खिशातली पिशवी काढली, तर त्याच्या मुलीने, सानवीने, मनगट धरलं.

"पप्पा. शपथ."

विनोदने पिशवीची घडी केली. घडीची घडी केली.

भागूबाईने समजावलं की हा निसर्ग नव्हे, मासे आहेत. मॅडम म्हणाल्या, मासे म्हणजे निसर्गच. भागूबाई म्हणाली, मेलेत. मॅडम म्हणाल्या, गळलेलं पानही मेलेलंच असतं. मुलांनी टिपण घेतलं. बर्फ वितळत होता. त्याचंही घेतलं.

तेवढ्यात कावळा आला, एक बांगडा उचलून आंब्यावर जाऊन बसला.

टाळ्या.

"त्येला का नाय शपथ?" भागूबाईने विचारलं.

"तो कावळा आहे, मावशी. त्याचा हक्कच आहे."

भागूबाईने बांगड्यांवर पाण्याचा हबका मारला आणि विनोदकडे बघितलं. "काय रे पप्पा, आज घरात कालवण नाय काय? वरड की मग. बघतोस काय."

फळ्यावर: बांगडा खोडून, काही नाही. खडू मॅडमच्या हातात.

विनोदने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मान वाकडी केली.

काव.

सानवीने बराच वेळ विचार केला. मग मनगट सोडलं.

कावळ्याने कल्ले उचलून ताजेपणा बघितला, दोन वाटे निवडले, भाव पाडून मागितला, शिवी खाल्ली, पैसे दिले. मग दुर्बीणवाला कावळा पुढे झाला. मग रांगच लागली. एक कावळी म्हणाली, मला साफ करून दे. एकाला कावळा काही जमेना. तो बगळा झाला आणि एका पायावर उभा राहून एक वाटा घेऊन गेला. आंब्यावरचा कावळा खाणं सोडून खाली बघत राहिला.

मॅडम प्रत्येकाची नोंद करत होत्या. प्रजाती, वर्तन, पिशवीचा रंग.

शेवटचा वाटा उरला. बर्फाचं पाणी झालेलं. ऊन पाटीवर आलं होतं आणि फाटकाशी आता कोणी नव्हतं, फक्त मॅडम. त्यांनी खडू ठेवला, झोळी पुढे केली आणि अगदी हळू काहीतरी म्हणाल्या.

"मोठ्यान् बोल गो बाय," भागूबाई म्हणाली. "कावळी अशी लाजत नाय."

मॅडम ओरडल्या. भागूबाईने बांगडे झोळीत टाकले, पाटी उपडी करून पाणी सांडलं आणि एसटी गाठायला निघाली.