भादरलेलं झुडूप

कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या त्या गृहस्थांना अख्खी गल्ली सर म्हणे. थोरली बहीण तेवढी छोटू. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जाताना ताई बजावून गेली, "झुडपाला पाणी घाल. बाकी काही करू नकोस. तुझा नेम नाही."

झुडूप तिच्या नवऱ्याच्या हातचं. हिवाळ्यात पार खराटा. वसंतात पानांच्याही आधी अंगभर पिवळी फुलं. नवरा गेल्यापासून ताईचं वर्ष त्या दहा दिवसांवर चालायचं.

सरांना खराटा बघवेना. भर थंडीत कात्री घेऊन त्यांनी तो चेंडूसारखा गोल केला. काटक्यांची मोळी बांधून शेडमध्ये ठेवली आणि प्रयोगशाळेच्या सवयीने तिला चिठ्ठी लावली: छाटणी, तारीख, सही.

ताई वॉकर टेकत परतली. "हे कोणी भादरलं?"

"माळ्याने," सर म्हणाले. शब्द आपसूक निघाला. परत घ्यायचा, तर आत जागा उरली नव्हती.

वसंत आला. पानं आली, झुपकेदार. फूल औषधालाही नाही. ताईने म्हाताऱ्या माळ्याला बोलावून घेतलं.

"याला फुलं गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात, बाई," तो म्हणाला. "थंडीत छाटलं की कळ्याच जातात. फुलून गेल्यावर छाटायचं. सरांना विचारा, ते तर शिकवायचे."

सर खिडकीची कडी तपासत होते. कडीला काहीही झालं नव्हतं.

"कळतं, तरी छाटलंत?" ताई माळ्यावर कडाडली. "उद्यापासून येऊ नका."

माळ्याने एकदा सरांकडे पाहिलं. "बरं. माझी कुदळ तेवढी घेतो," म्हणून तो शेडकडे वळला. शेडमध्ये मोळी होती. मोळीवर सही होती.

"ताई, मी छाटलं," सर घाईघाईने म्हणाले. कबुली सचोटीची नव्हे, चिठ्ठीची होती, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

माळी कुदळ घेऊन दारात आला. सर त्याच्या पायांकडे बघत म्हणाले, "मी... सांगितलं हिला."

"बरं झालं. चिठ्ठी मी थंडीतच वाचली होती," माळी म्हणाला. "म्हटलं, सर आहेत, सांगतील."

ताई माळ्याकडे वळली. "चुकलं माझं, माळीबुवा. बसा, चहा घेऊन जा. छोटू, टाक."

सर उठले. पंधरा वर्षं हा माणूस बागेत येत होता. साखर किती, ते विचारायला त्यांची मान वर होईना.